पाणीकम चहा आणि चिकूची वाडी

जुन्या मुंबईकरापुढे इराण्याचा विषय काढला की तो संगमरवरी टेबलांवर येतो, मग वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्यांवर, मग बरणीतल्या खारीवर. डहाणू-तलासरीत तोच विषय काढा. बोलणं दोन वाक्यांत चिकूच्या वाडीवर पोचतं. चर्चगेटहून डहाणू रोडपर्यंत लोकल धावू लागली ती १६ एप्रिल २०१३ ला. इराण्यांचं येणंजाणं त्याच्या कितीतरी आधीचं. पण इराणी हॉटेलांच्या आठवणी काढणाऱ्यांची गाडी सहसा धोबी तलावाच्या पुढे जात नाही.

डहाणूच्या उत्तरेला, आता गुजरातेत असलेल्या संजाणला पारशांचे पूर्वज उतरले. पुढे संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरातल्या गुहांत लपवला. ही झाली पारशांची गोष्ट. ज्यांना आपण इराणी म्हणतो ते हजारएक वर्षांनी, एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला, याझ्द आणि केरमानकडून आले. काजार बादशहांच्या राज्यात झरथुष्ट्री रयतेवर जिझिया होता, वर अपमान आणि मारझोड. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना त्यांच्या मदतीला तिकडे पाठवलं. जिझिया रद्द व्हायला १८८२ उजाडलं. मधल्या काळात, १८७०-७२ च्या सुमारास, इराणात भीषण दुष्काळ पडून गेला होता. माणसं निघाली ती अशी. त्यांत शिया मुसलमानही होते, हे आपण विसरतो. पुण्याचं १९३५ चं कॅफे गुडलक अशाच एका मुसलमान इराण्याने काढलेलं.

मुंबईत त्यांनी चहा विकला. कोपऱ्याची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानत, म्हणून ती इराण्याला स्वस्तात मिळे, असं सगळेच सांगतात. असेलही. पण कोपऱ्यावर दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक मिळतं, हे कळायला शकुन-अपशकुन लागत नाही. मेट्रो सिनेमासमोरचं कयानी १९०४ चं, धोबी तलावाचंच ससानियन १९१३ चं, ग्रँट रोड स्टेशनाबाहेरचं बी. मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत अशी हॉटेलं शेकड्यांनी होती.

तिथे काय खायचं हे ठरलेलं असे. पाणीकम चहा, म्हणजे दूध जास्त आणि उकळून दाट केलेला. सोबत ब्रून मस्का. ब्रूनचं कवच इतकं कडक की चहात बुडवल्याशिवाय दाताला दाद देत नाही. मऊ हवं त्याने बन मस्का घ्यावा. खारी, नानखटाई, मावा केक. खिशात चार पैसे जास्त असले तर ऑम्लेट पाव किंवा खिमा पाव, आणि सणासुदीला लालभडक पालनजी रासबेरी. खाणं झालं की पोऱ्या तिथूनच गल्ल्याकडे रक्कम ओरडून सांगे. मेरवानचे मावा केक सकाळीच संपत, अशी त्यांची ख्याती. ब्रिटानियाचा बेरी पुलाव मात्र वाटतो तितका जुना नाही. हॉटेलच्या मालक कोहिनूर कुटुंबातल्या बचन कोहिनूर काही काळ इराणात नोकरीला होत्या, तिथल्या पदार्थावरून त्यांनी तो बसवला, आणि १९८२ च्या सुमारास तो मेन्यूवर आला.

स्वस्ताई ही इराण्याची खरी करामत. गिरणी कामगार, कारकून, कॉलेजातली पोरं, टॅक्सीवाले एकाच टेबलाला बसत; जात कुणी विचारत नसे. खाणावळीत पंगतीचे सोवळे-ओवळे पाळले जात होते त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. पण मुभेला हद्दही होती. धोबी तलावच्या बस्तानीतल्या पाटीवर गिऱ्हाइकाने काय काय करू नये याची इतकी लांब यादी होती की निस्सीम इझिकेल यांनी तिच्यावरून कविताच केली. ते बस्तानी २००४ मध्ये बंद झालं.

असंच दुसरं जग हाँगकाँगमध्ये वाढलं. साहेबाच्या हॉटेलातलं जेवण परवडत नव्हतं, म्हणून महायुद्धानंतर कँटनी लोकांनी आपले ‘चा चान तेंग’ थाटले. लान फोंग युएन १९५२ चं. तिथेही दाट दुधाचा कडक चहा आणि गरम बनमध्ये लोण्याचा जाड काप. मस्कापाववाल्याला परकं वाटू नये असं. त्याच हाँगकाँगात १८५२ मध्ये मुंबईहून पोचलेले दोराबजी नवरोजी मिठाईवाला आधी आचारी होते. नंतर त्यांनी काढलेल्या बोटींच्या धंद्यातून स्टार फेरी उभी राहिली. स्वयंपाकघरातून निघून मालमत्तेपर्यंत पोचण्याची ही वाट पुष्कळांनी धरली.

इराण्यांच्या बाबतीत त्यातली एक वाट डहाणूला आली. घोलवड, बोर्डी, डहाणूच्या पट्ट्यात त्यांनी जमिनी घेतल्या, विसाव्या शतकात चिकू लावला. खिरणीच्या खुंटावर कलम, समुद्राची दमट हवा, झाडांत ऐसपैस अंतर. चिकूची कालीपत्ती जात इथे जमली ती अशी. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाडीतले जुने बंगले आता पर्यटकांना राहायला मिळतात.

वाडीत राबणारे हात मात्र वारली आदिवासींचे. या भागातले जमीनदार आणि जंगल ठेकेदार केवळ इराणी नव्हते. पारशी होते, ब्राह्मण होते, वाणी होते, मुसलमान होते. पण इराणी त्यांत होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षं राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. वेठबिगारीचं वर्णन सरकारी अधिकारी सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालातही आहे. २३ मे १९४५ रोजी झरी गावी, तेव्हाच्या उंबरगाव आणि आताच्या तलासरी तालुक्यात, शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने पाच हजारांवर वारली जमले आणि वेठ नाकारली. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड तिथे मारला गेला.

मुंबईच्या संगमरवरी टेबलावर सगळे सारखे, आणि इथे वारल्याला मालकाच्या ओट्यापाशी उभं राहावं लागे. ही दोन्ही चित्रं एकाच काळातली आहेत. हॉटेलातला प्रत्येक इराणी वाडीवाला नव्हता, हे खरं. पण एकाच मुलखातून आलेले, बहुतेक एकाच अग्नीपुढे हात जोडणारे हे लोक होते. आणि एकट्या जुलमावर त्यांचा हिशेब मिटत नाही: डहाणूच्या औष्णिक वीज प्रकल्पाविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत लढा नेणाऱ्यांत नर्गिस इराणी होत्या, आणि त्याच लढ्यातून १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं.

मुंबईतली हॉटेलं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. मालक म्हातारे झाले, मुलांनी दुसरे धंदे धरले, भागीदारांची भांडणं लागली, गिरण्या गेल्या तसं गिऱ्हाईकही गेलं. उलट लंडनमध्ये २०१० ला सुरू झालेल्या दिशूमने मुंबईच्या इराणी कॅफेची सजावट उचलून तिथल्या भावात विकली, आणि लोक रांगा लावतात. स्वस्ताई वजा केली की या हॉटेलात उरतं ते फर्निचर.

इराण्याचा मावा केक खायला जरूर जावं. मात्र इराणी हॉटेलांवर पुढचा हळवा लेख ज्याला लिहायचा असेल त्याने आधी गोदावरी परुळेकरांचं १९७० चं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचावं आणि एकदा झरीला जाऊन यावं.