खिशांत मावणारें शस्त्र

शस्त्र दोन हेतूंनीं बाळगलें जातें. एक लोकांनीं पाहावें म्हणून, आणि दुसरें लोकांनीं पाहूं नये म्हणून. भिवंडी तालुक्यांतील वळ, पूर्णा, दापोडे ह्या गांवांच्या शिवारांत जेथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं, तेथें आज मालाच्या गोदामांच्या लांबच लांब रांगा उभ्या आहेत. अशा एखाद्या गोदामाच्या दाराशीं बंदूकधारी पहारेकरी ठेवला, तर त्याची बंदूक येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत भरावी हाच मालकाचा उद्देश असतो. ती न उडतांच आपलें काम करीत असते. पण त्याच मालकानें स्वतःच्या जिवाच्या काळजीनें परवाना काढून पिस्तुल घ्यावयाचें ठरविलें, तर त्याचें सारें लक्ष उलट बाजूस लागतें. तें सदऱ्याखालून फुगलेलें दिसूं नये, बसतां-उठतां बरगडींत रुतूं नये, दिवसभर वागवून कंबर अवघडूं नये, आणि तरीहि प्रसंग पडतांच हातीं यावें, अशी त्याची अपेक्षा असते.

ही निवड आजची नव्हे. गुप्तपणें बाळगावयाच्या शस्त्राकडून मनुष्यानें सर्व काळीं तीनच गोष्टी मागितल्या आहेत. तें लपावें, तें नित्य जवळ वागवितां यावें, आणि ऐन वेळीं त्यानें दगा देऊं नये. ह्या तिन्ही गोष्टी एकाच शस्त्रांत पुरतेपणीं क्वचितच सांपडतात. शस्त्र लहान केलें कीं तें लपतें, पण त्याचा जोर घटतो. जोर वाढविला कीं तें जड होतें आणि घरींच राहतें. महाराष्ट्राच्या गेल्या साडेतीनशें वर्षांच्या इतिहासांत ह्या ओढाताणीचीं उदाहरणें ठळकपणें दिसतात.

मराठेशाहींत शस्त्र लपविण्याची गरज सामान्यतः नसे. तरवार कमरेस आणि कट्यार शेल्यांत, हा प्रतिष्ठित पुरुषाचा पोशाखच होता. लपविण्याचीं शस्त्रें निराळीं होतीं, आणि त्यांचीं नांवेंहि बोलकीं आहेत. काठीच्या पोटांत पातें दडवून केलेली ती गुप्ती. विंचवाच्या नांगीसारखें वांकडें पातें असलेला तो बिचवा. शिवाजीमहाराजांनीं १६५७ सालीं कल्याण आणि भिवंडी हस्तगत केल्यानंतर दोनच वर्षांनीं, १० नोव्हेंबर १६५९ रोजीं, प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफजलखानाची भेट झाली. त्या भेटीच्या वर्णनांत बिचवा आणि वाघनखें हीं दोन्ही येतात. कोणतें शस्त्र कोणत्या हातीं होतें ह्याविषयीं बखरकार व इतिहासकार ह्यांचीं वर्णनें जुळत नाहींत. परंतु दोन्ही शस्त्रांची जात एकच आहे. वाघनखाच्या लोखंडी पट्टीस बोटें घालण्याच्या अंगठ्या असतात आणि नख्या तळहाताच्या बाजूस वळलेल्या असतात. मूठ मिटली म्हणजे वरून केवळ अंगठ्या दिसतात. आलिंगनाच्या अंतरापलीकडे मात्र ह्या शस्त्राचा कांहीं उपयोग नाहीं. पूर्ण लपणें साधलें, तेथें पल्ला गमवावा लागला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें २०२४ च्या जुलै महिन्यांत सातारच्या संग्रहालयांत मुदतीवर आणिलीं गेलीं. तीं प्रत्यक्ष महाराजांचींच असें तें संग्रहालय खात्रीनें सांगत नाहीं. पण तीं पाहतांना अशा शस्त्राची रचना मात्र डोळ्यांपुढें उभी राहते.

त्या काळीं बंदुकीची दारू होती. मग लपविण्यास दारूचें शस्त्र कां नव्हतें? त्याचें कारण तिच्या यंत्रांत आहे. तोड्याच्या बंदुकीस जळती वात लागे. जळती वात वस्त्रांत दडवितां येत नाहीं, आणि तिचा धूर व वास दुरूनहि कळतो. पुढें चकमकीचीं पिस्तुलें आलीं. पण त्यांच्या कानावरची दारू दमट हवेंत सर्द होई आणि बाहेर आलेला घोडा कपड्यांत अडके. तीं खिशापेक्षां घोडेस्वाराच्या खोगिरालाच अधिक शोभत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत टोपीची युक्ति निघाली आणि ही अडचण दूर झाली. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील हेन्री डेरिंजर ह्यानें तळहातांत मावणारें एका बाराचें पिस्तुल केलें. १४ एप्रिल १८६५ रोजीं अध्यक्ष लिंकन ह्यांजवर नाट्यगृहांत गोळी सुटली ती अशाच पिस्तुलांतून. वारंवार भरावें न लागणारें फिरत्या चक्राचें रिव्हॉल्व्हर कोल्टनें १८३६ सालींच अमेरिकेंत नोंदविलें होतें. परंतु त्याचें चक्र जाड, त्यामुळें तें कोटांत लपलें तरी फुगवटा दाखवी. इंग्रज अधिकाऱ्यांचें वेब्ली रिव्हॉल्व्हर तर सुमारें एक किलोग्रॅमचें, म्हणजे कमरेच्या पट्ट्यावर उघडें वागविण्याचेंच हत्यार.

ह्याच सुमारास कायद्यानें परिस्थिति पालटली. १८७८ च्या शस्त्रकायद्यानें हिंदी लोकांस परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली. युरोपियनांस मात्र त्यांतून सूट होती. कमरेची कट्यार गेली. जें उघड्यावर मानाचें चिन्ह होतें, तें बाळगणेंच गुन्हा ठरलें, आणि ज्यास शस्त्र पाहिजे त्यास तें लपविण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

जुन्या आणि नव्या शस्त्रांचा सांधा पुण्यास २२ जून १८९७ च्या रात्रीं दिसून येतो. प्लेगच्या बंदोबस्तावरील अधिकारी रँड ह्याजवर पाळत ठेवून चाफेकर बंधु गणेशखिंडींत गेले, तेव्हां त्यांच्याजवळ पिस्तुलें होतीं आणि तरवारीहि होत्या. गाडीच्या मागें धांवतांना तरवारी अडचण करूं लागल्या. म्हणून त्या एका दगडी मोरीखालीं ठेवून देण्यांत आल्या, आणि काम पिस्तुलांनींच झालें. लेफ्टनंट आयर्स्ट तत्काळ मेला. रँड ३ जुलै रोजीं वारला. दामोदर चाफेकरांस १८ एप्रिल १८९८ रोजीं फांशी झाली, आणि पुढील वर्षीं त्यांचे दोघे बंधु बाळकृष्ण व वासुदेव ह्यांसहि तीच शिक्षा झाली. मोरीखालीं राहिलेल्या त्या तरवारींबरोबर शस्त्रांचें एक युगच मागें पडलें असें म्हणतां येईल.

नवें युग बेल्जममधून आलें. जॉन ब्राउनिंग ह्या अमेरिकन कारागिराच्या आराखड्यावरून हर्स्टाल येथील कारखान्यानें १९०० साली स्वयंचलित पिस्तुल काढलें. त्यांत फिरतें चक्र नव्हतें. सात गोळ्यांची पेटी मुठींतच बसे. त्यामुळें तें चपटें झालें. लांबी पावणेसात इंच, वजन सुमारें ६२५ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें ५४ तोळ्यांच्या आंतबाहेर. लपणें, वागविणें आणि विश्वासानें उडणें ह्या तिन्ही मागण्या ज्यांत बऱ्याच अंशीं एकत्र आल्या, असें हें शस्त्र होतें.

त्याचा परिणाम महाराष्ट्रावर लवकरच झाला. १९०९ च्या फेब्रुवारींत विनायक दामोदर सावरकरांनीं पॅरिसमध्यें वीस ब्राउनिंग पिस्तुलें मिळविलीं. इंडिया हाउसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन ह्याच्या पेटीच्या दुहेरी तळांत तीं बसलीं आणि मुंबईस उतरलीं. वीस रिव्हॉल्व्हरें एका पेटीच्या तळांत दडविणें कठिण होतें. चपट्या पिस्तुलांनीं तें साधलें. त्यांपैकीं एक नाशकास गेलें. जॅक्सन हा तेथील कलेक्टर संस्कृतज्ञ म्हणून ओळखला जाई. बाबाराव सावरकरांचा खटला त्यानेंच सत्र न्यायालयाकडे पाठविला होता, आणि बाबारावांस जन्मठेप झाली होती. जॅक्सनची मुंबईस बदली झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग त्याच्या निरोपानिमित्त ठेवलेला होता. अनंत लक्ष्मण कान्हेरे हा अठराएक वर्षांचा विद्यार्थी इतर प्रेक्षकांप्रमाणेंच आंत जाऊन बसला. त्याच्याजवळ कांहीं आहे अशी शंका कोणास आली नाहीं. जॅक्सन आपल्या जागेकडे येतांच कान्हेऱ्यानें गोळ्या झाडल्या.

कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे ह्या तिघांस १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आली. हा तुरुंग म्हणजे ठाण्याचा जुना किल्ला. खाडी ओलांडली कीं पलीकडे भिवंडी तालुका लागतो. ज्या पेटींतून तीं पिस्तुलें आलीं, तिनेंच पुढें सावरकरांपर्यंत धागा नेऊन पोंचविला, आणि ३० जानेवारी १९११ रोजीं त्यांस दुसरी जन्मठेप झाली.

लहान शस्त्र नेहमींच यशस्वी झालें असेंहि नाहीं. २२ जुलै १९३१ रोजीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत वासुदेव बळवंत गोगटे ह्या विद्यार्थ्यानें हंगामी गव्हर्नर हॉटसन ह्यांजवर अगदीं जवळून गोळ्या झाडल्या, तरी हॉटसन बचावले. तिसरी मागणी, ऐन वेळीं दगा न देण्याची, तेथें फसली. पण ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लीस तसें झालें नाहीं. ग्वाल्हेरीस मिळविलेलें इटालियन बेरेटा पिस्तुल घेऊन नथुराम गोडसे प्रार्थनासभेच्या गर्दींत शिरला. सहा इंचांचें तें शस्त्र कपड्यांत सहज लपलें. दहाच दिवसांपूर्वीं त्याच जागीं बाँबचा स्फोट झाला असतांहि प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती घेऊं देण्यास गांधीजींनीं नकार दिला होता. तीन गोळ्यांनीं त्यांचा अंत झाला.

ह्या घटनांचे हेतु एकमेकांपासून भिन्न होते, आणि त्यांविषयींचीं मतेंहि भिन्न आहेत. परंतु शस्त्राच्या दृष्टीनें त्यांत एक समान गोष्ट आहे. तरवार चालविण्यास वर्षानुवर्षें आखाड्यांत घाम गाळावा लागे. त्या तालमींत हाताबरोबर मनहि थोडेंबहुत तयार होई, आणि गुरूचा डोळा शिष्यावर असे. खिशांतल्या पिस्तुलानें ही उमेदवारी रद्द केली. तें बाळगणें सोपें झालें, उडविणेंहि सोपें झालें. आणि राग व कृति ह्यांमधील जें अंतर पूर्वीं शस्त्राचें वजनच राखीत असे, तें बोटभर उरलें.

म्हणूनच स्वतंत्र भारताचा १९५९ चा शस्त्रकायदा पिस्तुलाच्या मापापेक्षां बाळगणाऱ्याची अधिक चौकशी करतो. नागरिकास .३२ सारख्या ठराविक मापाचींच पिस्तुलें मिळतात. २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवानेदारानें ठेवावयाच्या बंदुका-पिस्तुलांची संख्या तीनांवरून दोनांवर आली. २०१६ च्या नियमांनीं, पिस्तुल सार्वजनिक जागीं आवरणांत ठेवावें, मिरवूं नये, आणि परवाना मागणाऱ्यानें तें सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षण घ्यावें, असें ठरविलें. कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ साली स्त्रियांकरितां म्हणून ‘निर्भीक’ नांवाचें ५०० ग्रॅम वजनाचें रिव्हॉल्व्हर काढलें. कारागिरांनीं वजन आणखी घटविलें आहे, आणि पुढेंहि घटवितील.

वळच्या त्या व्यापाऱ्यास दुकानदार पिस्तुलाची लांबी, जाडी आणि वजन सांगेल. कमरेस कोणतें म्यान सुखाचें होईल हेंहि सांगेल. परंतु जें शस्त्र इतकें सुखाचें झालें कीं तें जवळ आहे ह्याचाच विसर पडतो, तें वागविण्यास अधिक सावध मन लागतें. पूर्वीं ती सावधगिरी आखाडा शिकवी. आज तिचा आरंभ परवान्याच्या अर्जापासून होतो, आणि तिचा उरलेला भाग प्रत्येकास स्वतःच शिकावा लागतो.