एकशे चौपन्न किलोंचे साहस

माझ्या आयुष्यातले पहिले साहस मी चाळिशी ओलांडल्यावर, स्टाफ लोन काढून, सुलभ मासिक हप्त्यांवर विकत घेतले. कर्जाच्या अर्जात 'उद्देश' असा एक रकाना असतो. गेली वीस वर्षे मी लोकांना तो रकाना भरायला शिकवतो आहे. स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र पेन अडले. "कामावर येण्याजाण्यासाठी असं लिहा," साहेब म्हणाले. आमची शाखा माझ्या घरापासून दीड किलोमीटरवर आहे आणि तिथे जाताना वाटेत नदी, वाळवंट किंवा हिमशिखर लागत नाही. एक शाळा आणि दोन वडापावच्या गाड्या लागतात. तरीही मी तसेच लिहिले आणि कर्ज मंजूर झाले.

गाडी घरी आली तेव्हा हिने ओवाळायच्या आधीच विचारले, "अहो, ॲडव्हेंचर बाइक म्हणजे काय हो?"

"रस्ता नसतो तिथंही जाते."

"मग आपल्या सोसायटीपुढच्या रस्त्यासाठी घेतलीत म्हणा की!"

या उत्तरात या गाड्यांचा निम्मा इतिहास आला, हे तिला ठाऊक नव्हते. मलाही तेव्हा नव्हते. हप्ते सुरू झाल्यावर मी चौकशीला लागलो. पैसे भरून झाले की कागदपत्रे वाचायची, ही आपली राष्ट्रीय सवयच आहे.

तर झाले असे. १९७७ साली थिएरी साबीन नावाचा एक फ्रेंच तरुण एका शर्यतीत मोटारसायकलवरून लिबियाच्या वाळवंटात हरवला. मरता मरता वाचला. तुमच्याआमच्यासारखा माणूस घरी येऊन आंघोळ करता आणि पुन्हा त्या दिशेला पाय करून झोपताही ना. याने ठरवले, की आपण हरवलो ती गंमत सगळ्यांना मिळाली पाहिजे. २६ डिसेंबर १९७८ रोजी त्याने पॅरिसहून सेनेगलमधल्या डाकारपर्यंत शर्यत सोडली. सुमारे दहा हजार किलोमीटर! मोटारी आणि मोटारसायकली एकाच यादीत. आणि पहिला कोण आला? सिरिल नव्हू नावाचा मोटारसायकलवाला, यामाहाच्या एक्सटी ५०० वर. एका सिलिंडरची, साधी, सडसडीत गाडी. चारचाकीवाले मागून आले.

त्याच्याही दहा वर्षे आधी, १९६८ साली, यामाहानेच अमेरिकेत डीटी-१ नावाची अडीचशे सीसीची गाडी आणली होती. डांबरावर चालणारी आणि डांबर संपले तरी न रुसणारी. म्हणजे या पंथाचे मूळ पुरुष अंगाने हलकेच होते. पुढे १९८० साली बीएमडब्ल्यूने आठशे सीसीची आर-८० जी/एस काढली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर बसून ह्युबर्ट ओरिऑलने डाकार जिंकली. तिथून पैसेवाल्यांना चटक लागली. गाडी सुखवस्तू झाली. सुखवस्तू झाल्यावर जे आपले होते तेच तिचे झाले, वजन वाढले. त्याच घराण्यातली १२५० जीएस २४९ किलोंची आहे. अडीच क्विंटल! एवढी ज्वारी उचलायला आमच्या गावाकडे तीन हमाल लागतात. असली गाडी चिखलात आडवी झाली, की साहस संपते आणि हमाली सुरू होते.

(साहसाला वजन लागत नाही आणि इंजिनही लागत नाही, हे मुंबईच्या अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा या पारशी तरुणांनी केव्हाच सिद्ध केले आहे. १९२३ साली ते सायकलीवरून जगप्रदक्षिणेला निघाले आणि १९२८ साली परत आले. त्यांचा उद्देशाचा रकाना कुणी तपासला नसावा.)

आपल्याकडे 'ॲडव्हेंचर' हा शब्द गाडीला चिकटला तो फार अलीकडे. पण वस्तू जुनी होती. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला एस्कॉर्ट्‌स कंपनीने पोलंडच्या मदतीने राजदूत काढली. १७३ सीसी, टू-स्ट्रोक, तीन गिअर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, आणि मागे धूर असा की डास आठवडाभर फिरकायचे नाहीत. जाहिरातीत धर्मेंद्र बसायचा. प्रत्यक्षात दूधवाला बसायचा, दोन्ही बाजूंना कॅन लावून. शहरातल्या पोरांसाठी तिची एक बुटकी बहीण होती, १९७३ च्या 'बॉबी'त ऋषी कपूरने फिरवलेली. पण ती नुसतीच गोड. खरी गाडी ती दुधाच्या कॅनवाली. शेताच्या बांधावरून, ओढ्यातून, गाडीवाटेच्या दोन चाकोऱ्यांमधल्या गवतावरून ती जायची, आणि ह्याला साहस म्हणतात हे तिला कुणी सांगितलेले नव्हते.

आमच्या घरी एक होती. नाना पशुसंवर्धन खात्यात होते. लोक त्यांना 'गुरांचे डॉक्टर' म्हणत, खाते त्यांना डॉक्टर म्हणत नसे, आणि पगारही त्या मानानेच देई. वेल्ह्याच्या पलीकडच्या वाड्या-वस्त्यांवर गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करत हिंडायचे काम. राजदूतच्या मागच्या सीटवर द्रवरूप नायट्रोजनचा डबा दोराने बांधलेला असे आणि त्यात उत्तमोत्तम वळूंचे भवितव्य गोठवून ठेवलेले असे. मला कधी मागे बसून जायला मिळाले नाही, कारण ती जागा वळूंची होती.

एका पावसाळ्यात नाना रात्री घरी आले नाहीत. आई कंदील घेऊन ओट्यावर बसून राहिली. सकाळी आठच्या सुमाराला एक बैलगाडी आली. तिच्यात राजदूत आडवी घातलेली, शेजारी नाना पाय लांब करून बसलेले आणि मांडीवर तो डबा. घसरून पडले होते. घोटा सुजून नारळाएवढा झाला होता. आईने पायाचे विचारले, तर ते म्हणाले, "नायट्रोजन सांडला नाही."

आता पुन्हा इतिहासाकडे. १९८५ च्या सुमाराला शंभर सीसीच्या जपानी जातीच्या गाड्या आल्या. त्या कमी पिऊ लागल्या आणि देशाने मायलेज नावाचा नवा देव बसवला. पंचवीस वर्षे आपण 'कितना देती है' याखेरीज गाडीला दुसरा प्रश्न विचारला नाही. हीरो आणि होंडा वेगळे झाले तेव्हा, म्हणजे २०११ साली, हीरोने इम्पल्स नावाची एक उंचापुरी दीडशे सीसीची गाडी काढली, ब्राझीलमध्ये खपणाऱ्या होंडाच्या एका गाडीवरून. सस्पेन्शन लांब, चाके मोठी, किंमत सत्तर हजारांच्या आत. लोक शोरूममध्ये जायचे, तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालायचे आणि स्प्लेंडर घेऊन घरी यायचे. काही वर्षांतच ती बंद झाली. आपल्याकडे गुणी माणसाचे जे होते तेच झाले: गेल्यावर किंमत कळली आणि जुन्या इम्पल्स शोधत पोरे गावोगाव हिंडू लागली.

२०१६ साली रॉयल एनफील्डची ४११ सीसीची हिमालयन आली. गाडी उमदी, पण वजन १८२ किलो, आणि दीड लाखावर किंमत. माझा स्टाफ लोन आणि माझी कंबर, दोन्हींच्या मर्यादेबाहेर. मग मे २०१९ मध्ये हीरोनेच एक्सपल्स २०० आणली. १९९.६ सीसी, १८ अश्वशक्ती, पुढचे चाक २१ इंची, मागचे १८, जमिनीपासून पोट २२० मिलिमीटर उंच, वजन १५४ किलो, आणि शोरूमची किंमत लाखाच्या आसपास. बी. कॉम.ला कॉस्ट अकाउंटिंग घेतलेल्या माणसाने दर किलोला किती पडते हे काढले नाही, तर पदवी परत करावी. मी काढले. चांगल्या बदामापेक्षा स्वस्त पडली.

फक्त सीटची उंची ८२३ मिलिमीटर आहे आणि माझी पाच फूट चार इंच. सिग्नलला मी एका पायावर उभा असतो, बगळ्यासारखा. कुठला पाय टेकायचा हे दोनशे फूट आधी ठरवावे लागते.

घेतल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात एका रविवारी हिला 'जरा पेट्रोल टाकून येतो' म्हणून सांगितले आणि वेल्ह्याच्या पुढे केळदच्या बाजूला गेलो. नानांचा मुलूख. मढे घाटाच्या अलीकडे डांबर सोडून एका तांबड्या वाटेला लागलो. वाट चढाची, वर शेवाळ. पुढचे चाक म्हणाले डावीकडे, मागचे म्हणाले उजवीकडे, मी कुणाचीच बाजू न घेता खाली आलो. गाडी उजव्या पायावर. मोबाईलला रेंज नाही. धुके असे, की आपले आपल्याला बूट दिसेनात. पेट्रोलचा वास येऊ लागला. अशा वेळी शूर माणसांना काय आठवते ठाऊक नाही. मला कंदील आठवला, आणि घरी सांगितलेला पेट्रोल पंप दीड किलोमीटरवर आहे, हेही आठवले.

पाय सोडवायला दहा मिनिटे लागली असतील. मग गाडी उचलायची. याचे एक शास्त्र आहे. आधी किल्ली बंद. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर डावीकडचा स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर ती उभी राहून पलीकडे कोसळते. मग तिच्याकडे पाठ करायची, बूड सीटच्या कडेला लावायचे, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचा दांडा धरायचा, आणि पाठ न वाकवता पायांनी मागे मागे चालत जायचे. पहिल्यांदा घसरलो. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ती कुरकुरत उठली आणि स्टँडवर बसली. १५४ किलो! दोनशेच्या वर असती तर सोमवारी सकाळी माझे काउंटर बंद राहिले असते आणि का, ते कुणाला कळायला मंगळवार उजाडला असता.

घरी आल्यावर हिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "पंपावर चिखल फार आहे वाटतं." त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी या विषयावर बोलली नाही, आणि दुसऱ्याही.

नाना आता आमच्याकडेच असतात. ऐंशीच्या घरात आहेत, एका गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे. मी पडलो हे त्यांना नातवाने सांगितले. रात्री जेवताना मी म्हणालो, "नाना, गाडी हलकी म्हणून एकट्याने उचलता तरी आली. तुमची राजदूत असती तर?"

"राजदूत पडायची नाही," नाना म्हणाले.

मी बैलगाडीचा विषय काढला नाही. कारण राजदूतच्या बाबतीत मला एक नोंद माहीत आहे. नानांची खर्चाची डायरी एकदा कपाट आवरताना हाती लागली. बँकेतला माणूस, जमाखर्च दिसला की नजर जातेच. जून १९९५. जमेला, 'राजदूत विक्री, रु. ७,०००'. नावे बाजूला, त्याच तारखेला, 'चि. कॉलेज व होस्टेल, पुणे'. शिल्लक शून्य. त्यानंतर निवृत्तीपर्यंत नाना एस.टी.ने आणि कुणाच्या तरी सायकलवर डबा बांधून हिंडले. आम्हाला सांगितले होते, की तिचे पार्ट मिळत नाहीत. रोज संध्याकाळी पै न् पै जुळवून घरी येणारा मी, ही एक नोंद काही केल्या जुळवू शकलो नाही. नानांपाशी विषय काढायचे धाडस तर एक्सपल्सबरोबरही मिळाले नाही.

परवा रविवारी गाडी पुसत होतो. नाना काठी टेकत खाली आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. पुढच्या चाकाच्या तारा बोटांनी वाजवून बघितल्या. मग पार्किंगच्या कट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथं लाव."

मी कट्ट्याला खेटून लावली. ते कट्ट्यावर चढले आणि माझ्या खांद्याचा आधार घेत, ऑपरेशनचा पाय हळूच पलीकडे टाकून सीटवर बसले. मी हँडल गच्च धरून ठेवले. वर खिडकीतून हिचा आवाज आला, "अहो, काय चाललंय? नानांना उतरवा आधी!" दोघांनीही ऐकले नाही.

नानांनी क्लच दाबून पाहिला. डाव्या पायाने गिअर चाचपला.

"किती आहेत रे?"

"पाच."

नाना थोडा वेळ समोर, कंपाउंडच्या भिंतीकडे बघत राहिले.

"पाच कशाला?" ते म्हणाले. "वेल्ह्याच्या वर दुसऱ्याच्या पुढं टाकायची वेळच येत नाही."

मग मागे वळून त्यांनी मागची सीट हाताने दाबून पाहिली, डबा कुठे बांधता येईल ते बघत.