हलक्या हाताचा उपचार

राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला आश्रय दिला. त्यांचे खासबाग मैदान १९१२ मध्ये उभे राहिले. तालमीत उसण भरली की वस्तादाचा हात हाच पहिला उपचार. भाताच्या रोपलावणीत कंबर धरणाऱ्या मलकापूर परिसरातही चोळणाऱ्यांचा व हाडवैदांचा मान मोठा.

अमेरिकेत तत्पूर्वीच या हस्तकौशल्याची वैद्यकाशी सांगड घातली जात होती. तीन अपत्ये मेंदूज्वराने गमावलेल्या डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथीचा विचार मांडला व १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे विद्यालय काढले. पुढे १९५५ मध्ये डॉ. लॉरेन्स जोन्स यांनी पाठदुखीने झोपू न शकणाऱ्या एका रुग्णास वेदना शमेल अशा स्थितीत काही वेळ निजवून ठेवले. तो उठला तो ताठ! कटकन हाड वाजविण्याचे त्यात कामच नव्हते. सौम्य पद्धतीचा एक प्रवाह येथून निघाला.

कंबरदुखीत अशा उपचाराने काही प्रमाणात आराम पडतो, इतकेच अभ्यासांतून दिसते. कवटीवरील हलक्या स्पर्शाच्या शाखेस भक्कम पुरावा लाभलेला नाही. उपचारकाचे शिक्षण निःसंकोच विचारावे. हाड मोडलेले वा ठिसूळ झालेले असल्यास, कर्करोग किंवा पाठदुखीसोबत ताप असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पाय बधिर होऊन लघवीवरील ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. 'आधी चोळून बघू' ही सवय सुशिक्षितांतही आहे, आणि येथे ती घातक ठरते. मज्जातंतूंवरील दाब वेळेत न निघाल्यास हानी कायमची राहू शकते.