पंचवीस नोव्हेंबर : महार रेजिमेंटचे एक पान

भीमा-कोरेगावचा स्तंभ हे आपल्या इतिहासाचे पहिले पान आहे असे आपण मानतो, आणि ते योग्यच आहे. परंतु पहिले पान पाठ झाले म्हणून पुढची पाने कोरी आहेत असे नव्हे. नाशिकमध्ये इतिहास शिकवताना मला हे वारंवार जाणवते. १ जानेवारी १८१८ ही तारीख आमचा विद्यार्थी झोपेतही सांगेल. २५ नोव्हेंबर १९८७ म्हटले की वर्ग गप्प होतो. त्या रात्री श्रीलंकेत महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. या रेजिमेंटला मिळालेले एकमेव परमवीर चक्र त्यांचे आहे.

परमेश्वरन मुंबईचे. जन्म १३ सप्टेंबर १९४६. १९७२ मध्ये ते महार रेजिमेंटच्या १५ व्या बटालियनमध्ये अधिकारी म्हणून दाखल झाले. पुढे श्रीलंकेत गेले ते ८ व्या बटालियनबरोबर. त्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांनी हल्ला केला. परमेश्वरन यांनी मागून वळसा घालून हल्लेखोरांनाच घेरले. हातघाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी झाडली. त्यांनी त्याचीच रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि प्राण जाईपर्यंत ते जवानांना आदेश देत राहिले. पाच अतिरेकी मारले गेले. मेजरांचे वय अवघे एक्केचाळीस होते.

हा माणूस आपला कोण, असा प्रश्न कुणी विचारील. तमिळ कुटुंबातला अधिकारी. त्याच्या स्मरणाची जबाबदारी दलित चळवळीने का घ्यावी? उत्तर त्याच्या खांद्यावरच्या रेजिमेंटच्या नावात आहे. हे नाव फुकट मिळालेले नाही. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने ‘लढाऊ जमातीं’चे शास्त्र रचले आणि महारांना सैन्याचे दरवाजे बंद केले. ज्यांच्या बळावर पेशवाई बुडाली त्यांनाच सांगितले की तुम्ही लढवय्ये नाहीत! गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा लिहिला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. अखेर १९४१ मध्ये, बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

आम्हा नाशिककरांना हा धागा परका नाही. देवळालीच्या छावणीत मायदेशीच्या बोटीची वाट पाहणारे गोरे सोल्जर आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिले. त्याच नाशिकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराकडे मिरवणूक निघाली, तेव्हा अग्रभागी लष्करी चालीवर वाजणारा बँड होता. सैन्याची दारे बंद असतानाही सैन्याची शिस्त समाजाने टाकली नव्हती. ती हक्काच्या लढ्याकडे वळवली होती.

पुढे या रेजिमेंटची भरती सर्व समाजांसाठी खुली झाली. जे नाव उच्चारले की गावाची वेस आठवत असे, ते नाव आता कुठल्याही जातीचा, कुठल्याही भाषेचा माणूस अभिमानाने धारण करू लागला. परमेश्वरन त्या नावाखाली जगले आणि त्या नावाखालीच पडले. जातिअंताची ही पूर्ण वाट नव्हे. पण वाटेवरचा एक दगड निश्चित आहे.

तरीही केवळ गौरव करून थांबणे म्हणजे इतिहासाशी अर्धवट इमान राखणे होय. श्रीलंकेतले तमिळ अन्यायाने पोळलेले होते. १९५६ च्या भाषा-कायद्याने त्यांना दुय्यम केले, १९८३ च्या जुलैत त्यांची घरे जाळली गेली. १९८७ च्या जुलैत करार झाला, शांतिसेना गेली, आणि ऑक्टोबरपासून ती वाघांशीच लढू लागली. त्या लढाईत निरपराध तमिळ माणसेही मेली. एका अन्यायग्रस्त समाजातून आलेला जवान दुसऱ्या अन्यायग्रस्त समाजाच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिला. मेजर तर मारणाऱ्यांचीच भाषा बोलणाऱ्या घरातला. हा निर्णय जवानाचा नव्हता, दिल्लीचा होता. किंमत मात्र जवानाने मोजली. सुमारे १२०० भारतीय सैनिक तिकडेच राहिले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तिच्या स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री गेले नाहीत.

परमेश्वरन यांचे नाव निदान राहिले. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील एका बेटालाही ते दिले गेले. पण त्यांच्या मागे चालणाऱ्या जवानांचे काय? कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ प्रत्यय असलेली बावीस नावे आहेत म्हणून आपल्याला इतिहास आहे. इंग्रजाने ती स्वतःच्या गौरवासाठी कोरली; तरी ती कोरली म्हणून आपण ती वाचू शकलो. श्रीलंकेत पडलेल्यांची नावेही कोलंबोजवळच्या स्मारकावर आहेत. आपल्या गावच्या चावडीवर, विहारात, शाळेच्या भिंतीवर ती आहेत का?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजीच बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला होता : राजकारणात समता आणि समाजात विषमता, ही विसंगती फार काळ चालणार नाही. त्यानंतर ३८ वर्षांनी, त्याच तारखेला, महार रेजिमेंटचा अधिकारी देशासाठी मेला. हा निव्वळ योगायोग. परंतु तारीख एकच असेल तर दोन्ही गोष्टी एकत्र आठवायला हरकत कसली? रणात समता आणि गावात विषमता, हीदेखील विसंगतीच आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. निफाड, सिन्नर, येवला, दिंडोरी — आपापल्या तालुक्यात जा. पेन्शनची पुस्तके पाहा, म्हाताऱ्या आयांना विचारा, नावे लिहून घ्या. कुणाला सैन्यात काय मिळाले आणि घरी परतल्यावर गावाने काय दिले, तेही लिहा. आपल्यासाठी दुसरा कुणी स्तंभ उभारील याची वाट आता पाहू नये.