मुंबईचं रक्त आणि फळ्यावरचं कोष्टक

पाचगणीला शाळेत असताना 'उत्परिवर्तन' या जडजंबाळ शब्दाशी ओळख झाली, ती विज्ञानाच्या तासाला. त्याच फळ्यावर रक्तगटांचं कोष्टक होतं: आई ओ, वडील ओ, तर मूल ओच. तुम्हीही ते घोकलं असेलच.

गंमत म्हणजे या कोष्टकाला छेद देणारी गोष्ट आपल्या मुंबईतच सापडली होती. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. म्हणजे डीएनएची दुहेरी सर्पिल रचना जगासमोर यायच्या एक वर्ष आधी! तपासणीत ही माणसं ओ गटाची वाटत, पण त्यांच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशी घातल्या की गुठळ्या होत. हाच तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप'.

भानगड काय? तर ए आणि बी हे दोन्ही गट एच नावाच्या पदार्थावर उभे राहतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एच हा बेस क्लास. तो बनवणाऱ्या जनुकात, भारतातल्या बहुतेक बॉम्बेवाल्यांमध्ये, ७२५ वं अक्षर टी ऐवजी जी असतं. त्यामुळे ३६५ अमिनो आम्लांच्या एन्झाइममधलं फक्त २४२ वं बदलतं आणि एन्झाइम निकामी होतं. कंपायलर एरर नाही, माणूस ठणठणीत. पण रक्त चढवायची वेळ आली की ओ गटाचं रक्तही त्याच्या जिवावर उठू शकतं, कारण ओच्या पेशींवर एच भरपूर असतो. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं, आणि असा माणूस भारतात साधारण दहा हजारांत एक.

हा दोष आई आणि वडील, दोघांकडूनही यावा लागतो. सातारा-सांगलीकडे मामाची मुलगी करण्याची चाल जुनी. नात्यातल्या लग्नात अशी जोडी जमायची शक्यता वाढते.

आता कोष्टकाकडे पुन्हा बघा. बॉम्बे गटाच्या बापाकडे ए चं जनुक लपलेलं असू शकतं. आई ओ, कागदावर बापही ओ, आणि मूल निघतं ए. कोष्टक पाठ असलेला माणूस लगेच आईकडे संशयाने बघणार, आणि तिचा काडीचाही दोष नसणार.

असो. घरात कुणाचा बॉम्बे गट निघालाच, तर आधी सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्या. प्रत्येकाचा गट जुळण्याची शक्यता निदान चारात एक असते. दहा हजारांत एक शोधण्यापेक्षा हे केव्हाही सोपं, नाही का?