आधी साग निघाला, मग एसटी पोचली

नागपूरहून भामरागडला जायचं म्हटलं तर मोबाईलवर दोन वाटा दिसतात. एक उमरेड, नागभीड, आरमोरी करत गडचिरोलीला आणि तिथून चामोर्शीमार्गे आष्टीला. दुसरी वरोरा, चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी करत आष्टीलाच. पुढे आलापल्ली, मग जंगल, हेमलकसा आणि शेवटी भामरागड. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास.

ही वाट जुनी आहे. पण तिचा इतिहास चाळला तर प्रवासी फार उशिरा भेटतात. आधी भेटतो तो माल.

सुरुवात नदीपासून करू. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी ठरवलं की हिंगणघाटचा कापूस याच पाण्यातून बोटींनी थेट पूर्व किनाऱ्यावर न्यायचा. अडथळा होता नदीतल्या खडकांचा. त्यांतला एक मोठा टप्पा अहेरीच्या बाजूला, प्राणहितेत देवलमरीजवळ होता. वर्षानुवर्षं खर्च झाला. दरम्यान १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, कापसाला मुंबईचा रस्ता मिळाला आणि १८७१ मध्ये नदीची योजना गुंडाळली गेली. खडक राहिले, बोटी गेल्या.

त्याच काळात तारायंत्राच्या तारा या जंगलातून चालल्या होत्या. १८५८ च्या एप्रिलमध्ये मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांच्या माणसांनी प्राणहितेच्या काठी तारखात्याच्या दोन इंग्रज कर्मचाऱ्यांना ठार केलं. बाहेरून येणारी तार आपल्यासाठी येत नाहीये, हे इथल्या लोकांनी ओळखलं असावं. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या मदतीने बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

पुढे रेल्वे आली तीही कोळशासाठी. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा फाटा १८७० च्या दशकात टाकला गेला, कारण वरोऱ्याला कोळसा सापडला होता. १९२९ मध्ये बल्लारशा–काझीपेठ जोडलं गेलं आणि दिल्ली–मद्रास गाड्या चांद्यावरून धावू लागल्या. वैनगंगेपलीकडच्या प्रदेशाला मात्र वडसा हे एकच स्टेशन मिळालं. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, तेव्हा नव्या जिल्ह्याच्या मुख्यालयात रेल्वे नव्हती. वडसा–गडचिरोली मार्गाचं काम आत्ता कुठे चालू आहे.

सागाला मात्र कधी कुणी थांबवलं नाही. आलापल्लीचं लाकूड बल्लारशाच्या डेपोत आणि तिथून देशभर गेलं. २०२३ च्या मार्चमध्ये इथलाच साग वाजतगाजत अयोध्येच्या राममंदिरासाठी रवाना झाला. त्याच जंगलातल्या गावांत आजारी माणसाला बाजेवर घालून, खांद्यावर उचलून न्यावं लागत होतं.

उलट्या दिशेने, म्हणजे काही न्यायला नव्हे तर द्यायला, या वाटेने गेलेल्यांत बाबा आमटे होते. डिसेंबर १९७३ मध्ये त्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथेच राहिले. पावसाळ्यात नद्यानाले भरले की सगळा भाग तुटायचा, म्हणून शहरातल्या दवाखान्यापर्यंत पेशंट नेण्याऐवजी डॉक्टरच जंगलात जाऊन राहणं हा त्यावरचा उपाय होता.

मग रस्ता हाच भांडणाचा विषय झाला. १ मे २०१९ च्या पहाटे कुरखेडा तालुक्यात दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली. त्याच दिवशी जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा चालक गेला. त्याआधी, डिसेंबर २०१६ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडला खनिज वाहणाऱ्या गाड्या जाळल्या होत्या. सुरजागडच्या डोंगरात लोखंड आहे आणि तिथेच दरवर्षी ठाकुरदेवाची यात्रा भरते. खाणीला परिसरातल्या अनेक ग्रामसभांचा विरोध होता. आज खाण चालू आहे आणि आलापल्ली–आष्टी रस्त्यावर तिचे ट्रक दिसतात.

याच एटापल्ली तालुक्यात १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी या ३२ किलोमीटर रस्त्याचं उद्घाटन झालं आणि अहेरी–गर्देवाडा एसटी सुरू झाली. मुख्यमंत्री त्या बसमध्ये बसले. स्वातंत्र्यानंतर तिथे गेलेली ही पहिली बस. पोलीस ठाणं त्याआधी वर्षभर पोचलं होतं.

बस आली हे चांगलंच झालं, यात मला शंका नाही. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला आणि बाळंतिणीला रस्ता हवा असतो, तो कुणासाठी काढला याची चौकशी करत बसायला त्यांना वेळ नसतो. पण कापूस, कोळसा, साग, लोखंड यांच्या मागे माणसाचा नंबर शेवटी लागला, हेही तितकंच खरं.

भामरागडच्या अलीकडे पर्लकोटा नदी लागते. पलीकडे पामुलगौतम आणि इंद्रावती तिला येऊन मिळतात. पर्लकोटेचा जुना ठेंगणा पूल दर पावसाळ्यात बुडायचा आणि गावाचा संपर्क तुटायचा. उंच पुलाचं काम अगदी अलीकडे हाती घेतलं गेलं. तुम्ही कधी निघालात तर आष्टीपासून पुढे समोरून येणारे ट्रक मोजा आणि मधे एसटी किती दिसतात तेही बघा.