झोपड्यांची मोजणी आणि देशाची ऐपत

शेजारी देशांशी तुलना निघाली की आपल्याकडे दोन आकडे हमखास पुढे केले जातात: दरडोई उत्पन्न आणि झोपडपट्टीत राहणाऱ्यांचे प्रमाण. दोन्ही एकाच दोऱ्यात ओवले जातात. देश गरीब म्हणून झोपड्या. देश सधन झाला की झोपड्या आपोआप जातील. म्हणून ज्याच्याकडे झोपड्या जास्त तो देश मागे. कराचीची ओरंगी मोठी की मुंबईची धारावी, हा वाद याच समजुतीवर रंगतो. हे मत केवळ चव्हाट्यावरचे नाही, धोरण आखणाऱ्यांच्या बोलण्यातही ते असते. माझ्या मते ते चूक आहे. त्या चुकीची किंमत झोपडीत राहणारा माणूस मोजतो, म्हणून त्याचा नीट प्रतिवाद व्हायला हवा.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या सर्वांत बळकट रूपात. संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक संस्थेचे २०१४चे आकडे घ्या. शहरी लोकसंख्येपैकी झोपडपट्टीत राहणारे बांगलादेशात सुमारे ५५ टक्के, पाकिस्तानात ४५ आणि भारतात २४. त्या वर्षी दरडोई उत्पन्नाची उतरंडही नेमकी अशीच होती: भारत वर, मग पाकिस्तान, मग बांगलादेश. उत्पन्न चढते तसे झोपड्यांचे प्रमाण उतरते. याहून सरळ पुरावा कोणता हवा?

हा पुरावा तपासला की त्यात आत्माश्रय दोष सापडतो. ही संस्था वस्त्या मोजत नाही, घरे मोजते. घराचे बांधकाम टिकाऊ आहे का, एका खोलीत तिघांपेक्षा जास्त माणसे राहतात का, चांगले पाणी मिळते का, शौचालय आहे का. यांपैकी एका बाबतीत जरी घर उणे पडले तरी ते झोपडपट्टीत धरले जाते. मग ते घर जुन्या वाड्यात असो की चाळीत. म्हणजे ही मोजणी गरिबीची लक्षणेच गोळा करते आणि तिला झोपडपट्टी हे नाव देते. गरिबीने गरिबी मोजली तर दोन्ही जुळणारच. पाचवा निकषही आहे: राहत्या जागेवरून कोणी हुसकावणार नाही याची खात्री. माहिती मिळत नाही म्हणून आकडेवारीतून तो बहुधा गाळला जातो. माझा सगळा आक्षेप त्या गाळलेल्या निकषाभोवती आहे.

डोळ्यांना दिसणाऱ्या वस्त्या मोजायला लागा, उतरंड लगेच विस्कटते. नेपाळचे दरडोई उत्पन्न भारताच्या जवळपास निम्मे. तरी काठमांडूत बागमतीच्या काठच्या थापाथलीसारख्या सुकुंबासी (भूमिहीनांच्या) वस्त्यांत राहणारे लोक शहराच्या मानाने अगदी थोडे आहेत. तिथल्या जमिनी लहान शेतकऱ्यांच्या खाजगी मालकीच्या होत्या. त्यांनी तुकडे पाडून विकले, घेणाऱ्याने मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. काठमांडूतला गरीब त्या खोल्यांत दाटीवाटीने राहतो. गरिबी आहेच, फक्त ती झोपडपट्टीच्या रूपात नाही.

आता कोलंबो. २०१७च्या सुमारास श्रीलंकेचे दरडोई उत्पन्न चार हजार डॉलरच्या आसपास, भारताच्या दुप्पट होते. तिथे १९७८मध्ये एक लाख घरांचा आणि १९८४मध्ये दहा लाख घरांचा कार्यक्रम रणसिंघे प्रेमदासांच्या पुढाकाराने हाती घेतला गेला होता. तरीही तिथल्या नगरविकास प्राधिकरणाच्या हिशेबाने कोलंबोत सुविधा अपुऱ्या असलेल्या वस्त्यांत सुमारे ६८ हजार कुटुंबे, म्हणजे शहराची निम्म्याच्या आसपास लोकसंख्या राहत होती. मुंबईत २०११च्या जनगणनेनुसार हे प्रमाण सुमारे ४१ टक्के कुटुंबांचे. दुप्पट सधन देशाच्या सर्वांत मोठ्या शहरात प्रमाण जास्त! पुढे २०२२मध्ये श्रीलंका कर्ज फेडू शकली नाही, तेव्हा ती घसरण घरांच्या भिंतींवर दिसली नाही. गॅसच्या रांगांत आणि ताटात दिसली.

सीमा ओलांडायचीही गरज नाही. बिहारचे दरडोई उत्पन्न २०११च्या सुमारास महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते. जनगणनेत बिहारच्या शहरी लोकसंख्येपैकी सुमारे साडेदहा टक्के लोक झोपडपट्टीत निघाले, महाराष्ट्रात तेवीस टक्क्यांवर. केरळात दीड टक्काही नाही. पूर्वपक्षाचे सूत्र खरे मानले तर महाराष्ट्र बिहारपेक्षा दुप्पट गरीब ठरतो.

मोजणीचेही ऐका. ढाक्यात २००५ साली एका नगर-अभ्यास केंद्राने शहरातल्या वस्त्यांचा नकाशा केला, तेव्हा एकट्या ढाक्यात झोपडपट्टीत राहणारे सुमारे ३४ लाख लोक निघाले. २०१४मध्ये सरकारी सांख्यिकी विभागाने सबंध बांगलादेशाची मोजणी केली, तर देशभर मिळून साडेबावीस लाखांच्या आत. नऊ वर्षांत ढाका रिकामे झाले नव्हते. कोणाला धरायचे आणि कोणाला सोडायचे हे बदलले होते. आपली जनगणना साधारण ६०-७० कुटुंबांची सलग वस्ती असेल तरच झोपडपट्टी धरते. बांगलादेशची मोजणी पाच कुटुंबांपासून सुरू होते. असे आकडे शेजारी मांडून कोण पुढे कोण मागे हे ठरवणे मला सचोटीचे वाटत नाही.

मग झोपडपट्टी कशाने होते? शहरात रोजगार आहे आणि कामगाराला परवडेल अशी कायदेशीर जागा नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की होते. मुंबईचा इतिहास याचा धडधडीत दाखला आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाड्यासाठी चाळी बांधणे थांबले. १९७६च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने मोकळ्या जमिनी वादांत अडकल्या. तो कायदा महाराष्ट्राने २००७मध्ये मागे घेतला. चटई क्षेत्र आखडते राहिले. कामे मात्र वाढतच होती. म्हणून महापालिकेचा सफाई कामगार, पोलीस शिपाई, दुकानातला कारकून असा नियमित पगाराचा माणूसही झोपडीत राहिला. तो उपाशी नव्हता, त्याच्या पगारात बसणारे अधिकृत घर शहरात नव्हते.

ओरंगीची गोष्ट मला इथे फार मोलाची वाटते. धारावीच्या किमान पंधरा पट क्षेत्रावर पसरलेल्या या भागाला धारावीशेजारी ठेवून ‘आशियातली सर्वांत मोठी’ म्हणणे निरर्थक आहे. तिथे दलालांनी सरकारी जमिनीचे ८० ते १२० चौरस यार्डांचे प्लॉट पाडून विकले. व्यवहार बेकायदा होता, पण गल्ल्या सरळ आखलेल्या होत्या. १९७१नंतर पूर्व पाकिस्तानातून आलेली बिहारी कुटुंबेही मोठ्या संख्येने इथे स्थिरावली. १९८०मध्ये अख्तर हमीद खान इथे आले. त्यांनी याआधी आजच्या बांगलादेशातल्या कोमिल्ला इथे ग्रामीण सहकाराचे काम केले होते. त्यांच्या ओरंगी पायलट प्रोजेक्टने लोकांना देणगी दिली नाही, नकाशे आणि तांत्रिक सल्ला दिला. एकेका गल्लीतल्या वीस-तीस घरांनी वर्गणी काढून आपली गटारे स्वतः टाकली, घरात शौचालये बांधली. अशी सुमारे एक लाख घरे झाली. पाकिस्तानचे दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षा कमी आहे, आणि ओरंगीतल्या बाईला घरात शौचालय आहे. मुंबईच्या झोपडपट्टीत बहुतेकींना अजून सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभे राहावे लागते. १९८७च्या कायद्याने सिंधमध्ये कच्ची आबादी, म्हणजे अनधिकृत वस्त्या, नियमित करण्यासाठी प्राधिकरण उभे राहिले. जागा आपल्याकडे राहील असे वाटले की माणूस तिच्यात पैसा घालतो.

पाण्याचे तेच. ढाक्यात दुःस्थ स्वास्थ्य केंद्र या संस्थेने १९९०च्या दशकात मध्यस्थी केली आणि जमिनीचा कागद नसलेल्या वस्त्यांनाही पाणीपुरवठा मंडळाने जोडण्या द्यायला सुरुवात केली. आपल्या मुंबईत, जिची महापालिका देशातली सर्वांत श्रीमंत, २०००नंतर आलेल्या झोपडीधारकांना पाणी नाकारले जात होते. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. इथे पैसा कमी पडला नव्हता. अडवले ते कटऑफ तारखेने.

यावर एक आक्षेप रास्त आहे: झोपडपट्टी गरिबीचे माप नाही म्हटले तर तिथले हाल झाकले जात नाहीत का? धारावीतल्या चामड्याच्या आणि भंगाराच्या उलाढालीची वर्णने वाचताना मलाही ही भीती वाटते. उद्योग आहे म्हणून उघड्या नाल्याकाठी मूल वाढवणे सुसह्य होत नाही. पण हाल गंभीर आहेत म्हणूनच त्यांचे खरे कारण नेमके सांगायला हवे. देश श्रीमंत होईपर्यंत थांबा, हे उत्तर कोलंबोत चुकीचे ठरले आहे.

आणि कागद मिळाला तरी तो टिकतो का, हाही प्रश्न आहे. कराचीत २०२०च्या पुरानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२१मध्ये गुज्जर नाला आणि ओरंगी नाल्याच्या काठची हजारो घरे पाडली गेली. त्यांत राहणाऱ्या अनेकांकडे सरकारनेच दिलेली लीज होती. त्या वर्षी पाकिस्तानचे दरडोई उत्पन्न किती होते, यावरून या कुटुंबांचे काय झाले हे कळणार नाही.

आपल्या २०११च्या जनगणनेत घर स्वतःचे की भाड्याचे हे विचारले गेले. खालची जमीन कोणाची आणि ते घर कोण पाडू शकतो, हे नाही. पुढच्या मोजणीत हा रकाना यावा, आणि ढाका, कराची, कोलंबो, काठमांडू इथेही तोच यावा. मग तुलना करू.